दुसरा पेला

ताजे हिरवे पान पाण्याच्या पेल्यात बुडवून उन्हात ठेवले की काही वेळाने त्यावर बारीक बुडबुडे धरतात, आणि झाड ऑक्सिजन सोडते हे मुलांना पटले असे आपण समजतो. पण नुसते पाणी उन्हात तापले तरी त्यात विरघळलेली हवा काचेवर बुडबुड्यांच्या रूपाने जमतेच. मग हा बुडबुडा पानाचा की पाण्याचा? एका पेल्यातून याचे उत्तर मिळत नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या शोधाचा मागोवा घेतला, तर मोठमोठ्या संशोधकांनाही ते तसे मिळाले नव्हते असे दिसते.

व्हॅन हेल्माँट यांनी 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांवर गेले आणि माती जेमतेम 2 औंस घटली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1648 साली हे प्रसिद्ध झाले. झाड माती खाऊन वाढते ही समजूत त्या तराजूने मोडली, पण हवेचा हिशेब राहून गेल्याने झाड पाण्याचेच बनते असा चुकीचा निष्कर्ष निघाला. 1771 मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मेणबत्ती विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची काडी ठेवली, आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. शोध गाजला, पण शीले यांना नेमके उलटे आढळले, आणि खुद्द प्रीस्टलींचेही पुढचे निकाल एकमेकांशी जुळेनात. उजेडाकडे कोणाचे लक्षच नव्हते! 1779 साली यान इंगेनहाउझ यांनी पाण्यात बुडवलेली पाने उन्हातही ठेवली आणि अंधारातही. वायू सुटतो तो हिरव्या भागांतून, आणि उष्णतेमुळे नव्हे तर उजेडामुळे, हे त्या तुलनेने ठरले. जिनिव्हाच्या सेनेबिए यांनी 1782 मध्ये आणखी एक फरक टिपला: उकळलेल्या पाण्यात पान वायू सोडत नाही, कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात भरपूर सोडते.

हाच क्रम घरात सहज जमतो. पाणी उकळून गार करावे, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते आणि पहिली शंका मिटते. एका पेल्यात नुसते हे पाणी, बाकीच्यांत चिमूटभर खायचा सोडा घातलेले. सोड्याच्या एका पेल्यात ताजे पान, एकात उकडलेले पान, आणि एक कपाटातल्या अंधारात. कोणी म्हणेल, एवढ्या पेल्यांनी लहान मूल गोंधळेल. पण ‘इथे जास्त, तिथे कमी का?’ हे मूल एरवीही विचारतेच. एकाच पेल्याने मात्र त्याला विचारायला जागा उरत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: बुडबुड्यांवरून पानात अन्न तयार होते हे कळत नाही. खरेच कळत नाही. त्यासाठी आयोडीनची स्टार्च-परीक्षा हवी, आणि तिच्यात पान गरम अल्कोहोलमध्ये ठेवावे लागते. अल्कोहोल पेट घेते, म्हणून ती शाळेच्या प्रयोगशाळेतच शिक्षकांसमोर व्हावी. बुडबुडे क्षुल्लक मात्र नाहीत: जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावरचे 1924चे पुस्तक पाणवनस्पतीच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणाऱ्या यंत्राच्या आधारेच लिहिले.

अंधारातल्या पेल्याबद्दल बोलताना जपावे. झाड दिवसा ऑक्सिजन सोडते आणि फक्त रात्री श्वास घेते, असे मुलांच्या मनात बसते. खरे तर झाडाचे श्वसन अहोरात्र चालू असते, दिवसा ते प्रकाशसंश्लेषणापुढे झाकले जाते. रात्री झाडे हवा बिघडवतात ही भीती इंगेनहाउझ यांनाही होती, आणि ती आजही घराघरांत टिकून आहे. खोलीत निजलेला माणूस मात्र कोपऱ्यातल्या कुंडीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.