पैंजण काळं केलं कोणी?

गणपती जवळ आले की घरातली चांदी कपाटातून बाहेर येते. निरांजन, कुंकवाचा करंडा, बाळाचे वाळे, आजीची पैंजणं. ठेवताना सगळं कसं लख्ख होतं! आता पाहावं तर कुठे पिवळट, कुठे तपकिरी, कुठे चक्क काळं. कपाट तर बंद होतं. मग आत शिरून हा उद्योग केला कोणी?

उत्तर शोधायला राईला जाऊ या. भाईंदर स्टेशनहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीने लागतात. हा सगळा पट्टा खाडीचा, खारफुटीचा आणि मिठागरांचा. ओहोटीला चिखल उघडा पडला की सडक्या अंड्याचा वास नाकात शिरतो. तो वास ज्या वायूचा, त्याचं नाव हायड्रोजन सल्फाइड. चांदी काळी करणारा तोच!

हा वायू तयार करतात चिखलातले जिवाणू. खारफुटीच्या चिखलात खोलवर प्राणवायू पोचत नाही. पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट नावाचे क्षार असतात आणि त्यांत गंधक असतं. हे जिवाणू प्राणवायूचं काम सल्फेटकडून करून घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर सोडतात. तुम्ही खाडीपासून लांब राहता? तरी सुटका नाही. गटारातून हाच वायू येतो, उकडलेल्या अंड्यातूनही थोडा येतो. लोकरीत गंधक असतं, रबरबँडमध्येही असतं. म्हणून चांदीच्या वस्तूंना रबरबँड कधीच लावू नका.

दमट हवेत हा वायू चांदीला भेटला की चांदीचे दोन अणू गंधकाच्या एका अणूला धरून बसतात. तयार होतं सिल्व्हर सल्फाइड. त्याचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असला तरी डोळ्यांना दिसतो. आधी पिवळट, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळा.

आता खरी गंमत ऐका. हा काळा थर म्हणजे मळ नव्हे! असा 100 ग्रॅम थर गोळा केला, तर त्यात साधारण 87 ग्रॅम चांदीच निघेल. राखेने, रांगोळीने किंवा टूथपेस्टने खसाखसा घासलं की काळेपणा जातो खरा, पण त्याच्याबरोबर चांदीही मोरीत वाहून जाते. चिंचेने तांब्याचा तांब्या उजळतो, कारण तांब्यावरचा ऑक्साइडचा थर आंबटात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड मात्र चिंचेला दाद देत नाही.

मग गंधकाला हुसकावून चांदी तिथेच कशी ठेवायची? काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात अॅल्युमिनियमचा फॉइल अंथरा. हो, चपात्या गुंडाळायचा तोच! त्यावर चांदीची वस्तू अशी ठेवा, की ती फॉइलला टेकलेली राहील. लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि लहान चमचाभर मीठ घाला. पाणी चांगलं कढत हवं आणि ते ओतायचं मोठ्या माणसांनीच. खिडकी उघडी ठेवा. थोड्याच वेळात काळेपणा ओसरू लागतो आणि तोच खाडीचा वास हलकेच येतो. गंधक निघालं!

घडलं काय? अॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन द्यायला फार उत्सुक असतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. गरम पाण्यातला सोडा तो पापुद्रा काढतो. मग खो-खोत एकाने खो दिला की दुसरा उठतो, तसे अॅल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन चांदीकडे येतात आणि गंधकाला जागा सोडावी लागते. चांदी पुन्हा चांदी होते. पाण्यातून विजेचे कण सहज इकडून तिकडे जावेत, म्हणून मीठ. ज्या समुद्राच्या सल्फेटमुळे चांदी काळी झाली, त्याच समुद्राचं मीठ ती उजळायला मदत करतं!

हे पडताळून पाहायचं? पैंजणांची जोडी घ्या. एक पैंजण फॉइलवर ठेवा. दुसरं काचेच्या वाडग्यात, तेच पाणी घालून, पण फॉइलशिवाय. दुसरं काळंच राहील. सोडा आणि मीठ मदतनीस आहेत. मुख्य काम अॅल्युमिनियमचं. नंतर चांदी स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ मलमलीने पुसा.

मोती किंवा खडे बसवलेले दागिने मात्र या पाण्यात घालू नका. नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिनेही नकोत, त्यांची सगळी शोभा जाईल. चांदी ठेवताना कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि घरात कोणी टूथपेस्ट घेऊन पैंजण घासायला बसलं, तर त्यांचा हात थांबवा. सांगा, त्या काळ्या थरातले शंभरापैकी सत्त्याऐंशी भाग आपल्या पैंजणाचेच आहेत. गंधक तेवढं जाऊ द्या.