लोहगडाचे चार दरवाजे आणि आत्याची चिक्की

मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरलं, की भाजे गावातून लोहगडाची वाट धरता येते. परवा दोन भाचरांना घेऊन गेलो होतो. गणेश दरवाजा झाला, नारायण दरवाजा झाला, मग हनुमान दरवाजा आला. शेवटच्या महादरवाजात पोचल्यावर धाकटीने उंबऱ्यावरच बसकण मारली. "मामा, चार-चार दरवाजे कशाला? एकच चांगला भक्कम बांधायचा ना!"

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान मुंबईच्या दिशेने गेलं. मी म्हणालो, "त्या विमानातल्यांना विचार. तेही असेच दरवाज्यामागून दरवाजे ओलांडून आत बसलेत."

खरंच आहे की नाही बघा. विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. मोठ्या बॅगा यंत्रातून जातात. परदेशी जायचं असेल तर पासपोर्टची खिडकी. मग हातातली पिशवी एक्स-रेखाली आणि आपण धातुशोधक चौकटीतून. आणि काही विमानांच्या बाबतीत अगदी शिडीपाशी पुन्हा एकदा झडती! लोहगडाचंही तसंच. एक दरवाजा फुटला तरी पुढचा उभाच. शिवाय वाट अशी नागमोडी, की येणारा प्रत्येक माणूस वरच्या बुरुजावरून दिसत राहतो. आजच्या कॅमेऱ्यांचं काम तेव्हा त्या वळणांनी केलं.

मग एवढा बंदोबस्त असलेला लोहगड पडला कसा? महादरवाजातून बाहेर मान काढून शेजारी पाहा. तो लांबलचक डोंगर म्हणजे विसापूर. लोहगडापेक्षा थोडा उंच आणि तोफेच्या टप्प्यात. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला, तोही जवळजवळ न लढता. उंच विसापूर शत्रूच्या हाती गेल्यावर लोहगडाच्या दरवाज्यांना काय अर्थ उरला? लोहगडावरच्या शिबंदीला गड सोडावा लागला. चारही दरवाजे जागच्या जागी होते. ढिलाई झाली ती शेजारच्या गडावर.

विमानांच्या जगाला हे विसापूरचं गणित कळायला १९८५ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी जूनमध्ये अथेन्सहून उडालेलं एक अमेरिकी विमान हवेतच पळवून नेलं गेलं. त्याच महिन्यात, २३ तारखेला, आपल्या एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान अटलांटिक महासागरावर बॉम्बने उडवलं गेलं आणि ३२९ माणसं गेली. तो बॉम्ब एका बॅगेत होता. कॅनडातल्या व्हँकुव्हरला ती बॅग विमानात चढवली गेली, पण बॅगवाला स्वतः चढलाच नाही! आज हे ऐकताना अंगावर काटा येतो, कारण आता नियम उलटा आहे. प्रवासी विमानात आला नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि मगच विमान हलतं. विमानाला उशीर झाला म्हणून मोठी माणसं कुरकुरतात ना, तेव्हा कधी कधी खाली बॅगांच्या ढिगात हीच शोधाशोध चाललेली असते. आजी-आजोबांना विचारा. पूर्वी आपल्याकडे विमानाशेजारी बॅगांची रांग मांडायचे आणि प्रत्येकाने आपापली बॅग बोट दाखवून ओळखायची. न ओळखलेली बॅग तिथेच राहायची.

अथेन्सच्या प्रकारानंतर अमेरिकेने त्याच वर्षी कायदा केला, तो मला फार गमतीचा वाटतो. आपल्या देशात थेट विमानं जिथून येतात, ते परदेशातले विमानतळ आपण जाऊन बघायचे! म्हणजे लोहगडच्या किल्लेदाराने विसापूरला जाऊन म्हणायचं, "दादा, तुमचा तट जरा बघू द्या." अर्थात दुसऱ्याच्या घरात असं घुसता येत नाही. यजमान देशाने हो म्हटलं तरच हे पाहुणे येतात. त्यांना घासूनपुसून लख्ख केलेली फरशी बघायची नसते. कुंपणाला कुठे भोक आहे का? सफाईवाल्यांच्या दारावर तपासणी होते का? विमानात जाणारे जेवणाचे डबे कोण बंद करतं, आणि रात्री उभ्या विमानावर पहारा कुणाचा? त्यांचे प्रश्न असे असतात.

एखादा विमानतळ कच्चा निघाला आणि मुदतीत सुधारला नाही, तर अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांसाठी तशी पाटीच लावतात. फिलिपिन्सची राजधानी मनिला इथल्या विमानतळाबद्दल डिसेंबर २०१८ मध्ये अशी पाटी लागली होती. त्यांनी कामं उरकली आणि जून २०१९ मध्ये ती उतरली. अगदीच गंभीर असेल तर विमानं बंदही करता येतात.

सगळ्या देशांनी पाळायचे नियम मात्र कॅनडातल्या माँट्रियल शहरात बसणारी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. तिच्या मूळ कराराला बरीच परिशिष्टं जोडलेली आहेत. त्यातलं सतरावं सुरक्षेचं, १९७४ सालचं. २००२ पासून तिचे लेखापरीक्षक देशोदेशी जाऊन ते पाळलं जातंय का ते पाहतात. आपल्याकडे हे काम नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोकडे आहे. कनिष्कच्या घातानंतर, १९८७ मध्ये, त्याला स्वतंत्र खातं केलं गेलं.

आता सगळ्यात मजेदार भाग. पहारेकरी जागा आहे की पेंगतोय, हे कसं ओळखायचं? परीक्षक साध्या प्रवाशासारखे येतात आणि बॅगेत खोटं हत्यार लपवून आणतात. सापडलं तर पास! आणि एक्स-रेच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाची परीक्षा तर संगणकच घेतो. तुमच्या डब्याच्या, छत्रीच्या चित्रात तो मध्येच एका पिस्तुलाचं चित्र घुसडून देतो. बघणाऱ्याने लगेच बटण दाबलं पाहिजे. तरी डोळे थकतातच, म्हणून साधारण २० मिनिटांनी माणूस बदलतात.

तो पडदाही रंगीत असतो बरं का. यंत्र दोन ताकदींचे एक्स-रे वापरतं आणि ते किती अडले यावरून वस्तू कशाची आहे याचा अंदाज बांधतं. लोखंड, तांबं निळं दिसतं. कापड, कागद, साखर, प्लास्टिक अशा हलक्या अणूंच्या वस्तू नारिंगी. मधलं काही असेल तर हिरवट. आता गंमत बघा. स्फोटकंही बहुतेक कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचीच असतात. म्हणजे तीही नारिंगी!

इथे आत्या येते. भाचरांची आत्या न्यू जर्सीला राहते. मागच्या वेळी तिने लोणावळ्याहून शेंगदाण्याच्या चिक्कीची सहा पाकिटं घेतली आणि एकावर एक रचून हातातल्या बॅगेत कोंबली. पडद्यावर काय दिसलं असेल? एक घट्ट, चौकोनी, नारिंगी वीट! बॅग बाजूला काढली गेली. एका ताईंनी पाकिटांवरून कापडाची छोटी पट्टी फिरवली आणि ती एका यंत्रात घातली. हे यंत्र पट्टीवरचे कण गरम करून त्यांची वाफ करतं, त्यांना विद्युतभार देतं आणि एका नळीत त्यांची शर्यत लावतं. हलके कण लवकर पोचतात, जड उशिरा. कोण किती वेळात पोचला, यावरून काही सेकंदांत नाव कळतं. आत्याच्या कणांमध्ये स्फोटक कोणीच नव्हतं. ताईंनी हसून पाकिटं परत दिली.

"म्हणजे चिक्की न्यायची नाही?" थोरल्याने काळजीने विचारलं.

न्यायची की! पण पाकिटं पसरून, वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे उघडून दाखवायला सोपं. सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र घरीच राहू द्या. त्यात तेल इतकं असतं, की खोबरं साठून राहिलं तर आपोआप तापू शकतं. म्हणून विमानवाल्यांच्या धोकादायक वस्तूंच्या यादीत खोबऱ्याचाही नंबर आहे. आजीच्या खोबऱ्याच्या वडीचं काय, हे धाकटीने विचारलं. ते मी अजून शोधतोय.