दहा फ्रेममधला वळीव

"एकाच ढगाचं धा फोटू कशाला वं?" मेंढरं घेऊन परतणाऱ्या मामांनी थांबून विचारलं.

"एका फोटोत मावत नाही, मामा."

मे महिन्यातली संध्याकाळ होती. सोलापूरजवळच्या माळावर ट्रायपॉड रोवून मी पूर्वेकडे तोंड करून उभा होतो. पाठीमागून उतरतं ऊन आणि समोर, साधारण 40 किलोमीटरवर नळदुर्गाच्या बाजूला, वळवाचा ढग चढत चाललेला. मामांना दिलेलं उत्तर खरं होतं, पण अर्धवट. घरी आल्यावर वही घेतली आणि तो ढग नक्की किती, हे मांडायला बसलो.

जोमाने वाढलेल्या वळवाच्या ढगाची उंची 15 किलोमीटर धरायला हरकत नाही. माथ्यावर पोचला की त्याला आणखी वर जाता येत नाही, मग तो आडवा पसरतो आणि त्याला लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो. ही ऐरण 100 किलोमीटर पसरली असेल, तर 40 किलोमीटरवरून ती 103 अंशांचं आभाळ व्यापते. माझी 24 मिलिमीटरची वाइड लेन्स आडवी धरली तरी 74 अंशच पाहते. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब तर याहून चकित करणारा. 15 किलोमीटर उंचीची वस्तू क्षितिजाआड जायला 437 किलोमीटर दूर असावी लागते. म्हणजे हवा काचेसारखी स्वच्छ असती, तर नांदेडवर उठलेल्या ढगाचा माथा पुण्याच्या गच्चीवरून दिसला असता. रात्री कधीकधी गडगडाट अजिबात ऐकू येत नाही, क्षितिजावर नुसता उजेड लुकलुकत राहतो. तो असाच कुठल्यातरी दूरच्या तालुक्यावरचा वळीव असतो.

आता त्यातलं पाणी. 10 किलोमीटर लांब आणि 10 किलोमीटर रुंद पट्ट्यात एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस पडला असं समजू. ते झालं 25 लाख टन पाणी, 250 कोटी लिटर. उन्हाळ्यात वाडीवस्तीवर येणारा 10,000 लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे अडीच लाख टँकर एका ढगाने तासाभरात रिकामे केले. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. सगळ्या पाण्याचा हिशेब केला तर तेवढी ऊर्जा तयार करायला 1,960 मेगावॉटचा आपला कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने, एक मिनिटही न थांबता, 37 दिवस चालवावा लागेल. हे गणित मी तीनदा तपासलं. ढग फुलकोबीसारखा उकळत वर का येतो, ते त्या आकड्यात आहे: ती उष्णताच त्याला वर ढकलत असते.

एवढं सगळं कागदावर आणायचं कसं? मी 50 मिलिमीटरची लेन्स लावतो आणि कॅमेरा उभा धरतो. उभ्या फ्रेममध्ये 27 अंश रुंदी मिळते. शेजारच्या दोन फ्रेम एकतृतीयांश एकमेकींवर यायला हव्यात, म्हणून दर वेळी 18 अंश फिरायचं. अर्धं क्षितिज, म्हणजे 180 अंश, दहा फ्रेममध्ये संपतं. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, सगळं आधीच हाताने पक्कं करायचं. नाहीतर कॅमेरा उजळ आभाळाला एक न्याय लावतो आणि ढगाच्या काळ्या पोटाला दुसरा, आणि जोडताना पट्टे उमटतात. 45 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जोडून निघालेलं चित्र साधारण 36,000 पिक्सेल रुंद आणि 8,000 उंच असतं. 300 डीपीआयने छापलं तर 10 फूट लांब. त्यात ढग 4,300 पिक्सेल उंच येतो आणि त्याच्याजवळचा एकेक पिक्सेल म्हणजे साडेतीन मीटर. त्या पावसात सापडलेली एसटी तीन पिक्सेलची.

पण खरी शिवण पुढेच आहे. 2003 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी अशी पद्धत मांडली की फोटो कसेही पिसून दिले, तरी संगणक स्वतःच त्यांचा क्रम लावतो. दहा फोटोंचे क्रम 36,28,800 होतात. संगणक ते सगळे पडताळत बसत नाही. तो प्रत्येक फोटोत झाडाचा शेंडा, खडकाचा कोपरा, विजेचा खांब अशा खुणा शोधतो आणि प्रत्येक खूण 128 आकड्यांत लिहून ठेवतो. फोटोमागे 5,000 खुणा धरल्या, तर दोन फोटोंमध्ये अडीच कोटी तुलना होतात. दहा फोटोंच्या 45 जोड्या. सरळसोट केलं तर 14,400 कोटी वजाबाक्या. प्रत्यक्षात युक्तीने त्यातल्या बहुतेक टळतात.

त्यातही निम्म्या जुळण्या चुकीच्या निघू शकतात, कारण एक बाभूळ दुसऱ्या बाभळीसारखीच दिसते. मग संगणक चार-चार जुळण्या कशाही उचलतो आणि त्यांवरून एक फोटो दुसऱ्यावर बसवून पाहतो. चारही बरोबर असण्याची शक्यता सोळात एक. पण असे 500 प्रयत्न केले, की एकदाही बरोबर चौकडी न सापडण्याची शक्यता 100 लाख कोटींत एक उरते. मला या सगळ्या प्रकारातलं हे सर्वांत सुंदर गणित वाटतं.

कॅमेरा फिरवण्याची जागाही मोजूनमापून ठरवावी लागते. लेन्सच्या ज्या बिंदूतून दृश्य आत येतं, त्याऐवजी त्याच्या 8 सेंटिमीटर मागे कॅमेरा फिरला, तर 18 अंशांत तो बिंदू अडीच सेंटिमीटर सरकतो. दोन मीटरवरच्या करवंदीच्या जाळीत त्यामुळे 143 पिक्सेलचा घोळ होतो, ती फाटते. एक किलोमीटरवर चूक पाव पिक्सेलच्या आसपास येते आणि ढगापर्यंत पोचताना नाहीशी होते. म्हणून नवख्यांना मी सांगतो: महागडं पॅनोरमा हेड नसेल तर अडू नका, जवळची झुडपं फ्रेममध्ये घेऊ नका.

डोंगराचं काम निवांत असतं. माँ ब्लांचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेलं 365 गिगापिक्सेलचं चित्र 70,000 फोटोंतून झालं आणि त्यासाठी 35 तास चित्रण चाललं. ते 300 डीपीआयने छापायचं तर जवळपास 26 गुंठे कागद लागेल. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने 2019 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हजारावर फोटो घेऊन 1.8 अब्ज पिक्सेलचा देखावा टिपला. उजेड बदलू नये म्हणून ती रोज फक्त दुपारी 12 ते 2 मध्येच फोटो काढी.

वळीव असा थांबत नाही. फ्रेममागे 2 सेकंद धरले तर दहा फ्रेमना 20 सेकंद लागतात. ताशी 40 किलोमीटर वेगाने आडवा जाणारा ढग तेवढ्यात 222 मीटर, म्हणजे चित्रात 64 पिक्सेल सरकतो. आतला उकळता कोंब सेकंदाला 20 मीटर वर चढत असेल, तर शेजारच्या फ्रेममध्ये तो 11 पिक्सेल उंच झालेला असतो. वीज तर एकाच फ्रेममध्ये असते. जिथे दोन फ्रेम एकमेकींवर येतात तिथे ती एकीत चमकते, दुसरीत नसते. शिवण कुठून न्यायची, हे मग हातानेच ठरवावं लागतं. मी विजेची फ्रेम ठेवतो. दहा फुटांवर छापलेला तो वळीव तसाच्या तसा कुठल्याही एका क्षणी आभाळात नव्हता. तो 20 सेकंदांचा वळीव आहे, आणि म्हणून मला एका फोटोपेक्षा तो जास्त खरा वाटतो.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2022 मध्ये भारतात वीज पडून 2,887 माणसं गेल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची नोंद आहे. उघड्या माळावर ट्रायपॉड धरून उभा असलेला माणूस ही तिथली सर्वांत उंच वस्तू असते. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूरही पडते, डोक्यावर निळं आभाळ असतानासुद्धा. वीज दिसली की आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आला आहे. ट्रायपॉड तिथेच सोडा, पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर आजच घ्या, आणि शेजारी मेंढरं राखणारे मामा असतील तर त्यांनाही सोबत आत घेऊन जा.