घरातील बैठक, श्रुती आणि महाजाल

बडोद्यातील अनेक मराठी घरांच्या कपाटांत आजही जुन्या कॅसेट्सचा एखादा खोका सापडतो. कोजागिरीची बैठक, गणेशोत्सवातील गायन, घरातील वडीलधाऱ्यांचा पहाटेचा रियाज असे काही ना काही त्यांत ध्वनिमुद्रित केलेले असते. ही मुद्रणे संगणकावर उतरवून महाजालावर ठेवणे आता अगदी सोपे झाले आहे. सोपे झाले म्हणूनच त्यात चूक होण्याचा संभवही वाढला आहे. अशी एक चूक माझ्या हातून झाली. ती सांगितल्याने इतरांची ठेव वाचावी, या हेतूने हा लेखनप्रपंच.

माझे वडील पेशाने शिक्षक. दांडिया बाजारातील आमच्या घरी दर गुरुवारी रात्री ते तानपुरा लावून गात. श्रोते चार-पाच, मानधन म्हणजे चहा. त्यांच्या पश्चात 11 कॅसेट्स माझ्याकडे आल्या. त्यांतील दरबारीची कॅसेट मी संगणकावर उतरवली आणि उत्साहाच्या भरात 'खरखर काढा' व 'सूर दुरुस्त करा' अशा दोन आज्ञा देऊन टाकल्या. तयार झालेले गाणे महाजालावर ठेवून सर्व नातेवाइकांना कळवले. काम झाले असे समजून मूळ कॅसेट भंगारात दिली. आईने ते गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "आवाज ह्यांचाच आहे रे, पण गाणं ह्यांचं नाही." तिचे म्हणणे शास्त्रदृष्ट्याही अचूक होते, हे मला पुढे अभ्यासाअंती कळले.

श्रुतीचे गणित

पियानोत, आणि सामान्यतः आपल्या पेटीतही, सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. स्वरांतर मोजण्याचे एकक 'सेंट'. सप्तकाचे 1200 सेंट, म्हणून प्रत्येक भाग 100 सेंटचा. तानपुऱ्याशी मिळणारे स्वर मात्र या समान खुणांवर बसत नाहीत. षड्ज 240 हर्ट्झचा धरला, तर त्याच्या सव्वापट असलेला शुद्ध गांधार 300 हर्ट्झचा होतो. समान विभागणीतील गांधार सुमारे 302.4 हर्ट्झवर येतो, म्हणजे जवळजवळ 14 सेंट चढा. उलट पंचमात फरक जेमतेम 2 सेंटचा. म्हणूनच पेटीचा पंचम गोड लागतो आणि गांधार तयार कानाला बोचतो. उत्तम लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो त्या तारेच्या पाचपट कंपनसंख्येचा असतो. खर्ज 120 हर्ट्झ असेल तर तो 600 हर्ट्झचा, म्हणजे बरोबर तार सप्तकातील शुद्ध गांधार. गायक आपला सूर लावतो तो या नादाशी, पेटीच्या पट्टीशी नव्हे.

दरबारीची गोष्ट तर याहून नाजूक. तिचा गांधार अतिकोमल आणि आंदोलित. तो एका जागी उभाच राहत नाही. त्या रात्री, त्या क्षणी गायकाला जसे सुचते तसे ते आंदोलन होते. ते स्वरलिपीत पुरते उतरत नाही. त्याचा खरा पुरावा ध्वनिमुद्रण हाच.

बडोद्याचा वारसा

या प्रश्नाशी आपल्या शहराचे जुने नाते आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये येथे गायनशाळा सुरू केली. सुरसागरासमोरील आजचे संगीत महाविद्यालय हा तिचाच विस्तार. उस्ताद अब्दुल करीम खाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे दरबारी गायक होते. त्यांच्या कन्या हिराबाई यांनी 'बडोदेकर' हे आडनाव लावून या गावाचे नाव देशभर नेले. पुढे सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मोजमाप केले, तेव्हा खाँसाहेबांचा तयार गळा त्यांच्या कामी आला. देवलांचे 22 श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झाले. सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. 1916 मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे श्रुतींवर बराच वाद झाला. एकमत झाले नाही. अलीकडच्या काळात ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी तयार केली आणि आपले गणित महाजालावर सर्वांसाठी मांडले. ते औषधशास्त्रातील एम.डी., म्हणजे आपल्याच व्यवसायातले, ही आपणा डॉक्टरांना अभिमानाची बाब.

दुरुस्ती की पुसणे?

आता माझ्या दोन आज्ञांनी काय केले ते पाहू. सूर दुरुस्त करणारी प्रणाली 1997 मध्ये 'ऑटो-ट्यून' या नावाने बाजारात आली. अशा प्रणाली नेहमीच्या मांडणीत प्रत्येक स्वर बारा समान खुणांपैकी जवळच्या खुणेवर ओढून बसवतात. त्यामुळे वडिलांच्या गांधाराचे आंदोलन थिजले आणि मिंडेच्या पायऱ्या झाल्या. खरखर काढणारी प्रणाली जो आवाज अखंड, एकसारखा चालू आहे त्याला गोंगाट समजते. तानपुरा नेमका तसाच वाजतो, म्हणून तोही धुऊन निघाला. 2020 च्या टाळेबंदीत संगणकावरून गाणे शिकणाऱ्या अनेकांना हाच अनुभव आला. झूममध्ये 'मूळ ध्वनी' हा पर्याय निवडावा लागतो, तो यासाठीच.

बालरोगतज्ज्ञाला हे चटकन समजावे. निरोगी मुलांच्या हृदयात ऐकू येणारी स्टिल यांची मर्मरध्वनी ताणलेल्या तारेच्या झणत्कारासारखी असते. ती गोंगाट समजून गाळणारा डॉक्टर आणि ती रोग समजणारा डॉक्टर, दोघेही चुकतात. आधी ऐकावे, मग ठरवावे. गाण्याच्या बाबतीत मी ऐकण्याआधीच उपचार केला.

कॅसेटच्या वेगातील दोष त्या मानाने सौम्य. यंत्र 6 टक्के वेगाने फिरले तर काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, लयही वाढते. परंतु स्वरास्वरांतील प्रमाण तेच राहते. हा दोष पुढे केव्हाही सुधारता येतो. ओढून बसवलेला स्वर मात्र परत मिळत नाही.

संमतीचा प्रश्न

बैठक आपल्या घरी झाली म्हणून गाणे आपले होत नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 38 नुसार कलावंताचा आपल्या प्रयोगावरील हक्क पुढील वर्षारंभापासून 50 वर्षे राहतो. म्हणजे 2001 मध्ये झालेल्या बैठकीचा हक्क 2051 अखेरपर्यंत. तेव्हा कलावंताची वा त्यांच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. आणखी एक. दोन रागांच्या मधल्या गप्पांत कोणाच्या आजाराचा, कोणाच्या घरातील कलहाचा उल्लेख असतो. रुग्णाचे गुपित आपण जपतो, तसेच हेही जपावे. प्रसिद्ध करावयाच्या प्रतीतून तेवढा भाग वगळावा.

काय करावे?

कॅसेट चांगल्या यंत्रावर वाजवून 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' स्वरूपात उतरवावी; त्यांत ध्वनी गाळला जात नाही. एमपी-3 ही केवळ पाठवण्यासाठी वेगळी प्रत समजावी. मूळ उतरवलेल्या प्रतीला हात लावू नये आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. प्रत्येक मुद्रणासोबत कलावंत, साथीदार, राग, पट्टी, स्थळ आणि तारीख लिहावी. रुग्णाच्या केसपेपरवर नाव आणि तारीख नसेल तर त्याचा पुढे उपयोग काय? महाजालावर ठेवताना काही सुधारणा केली असल्यास तीही प्रामाणिकपणे नमूद करावी. आणि कॅसेट टाकू नये.

उरलेल्या 10 कॅसेट्स मी याच पद्धतीने उतरवल्या आहेत. त्यांत पंख्याची घरघर आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा भोंगा आहे, मध्येच कोणाचा खोकलाही आहे; आणि या सर्वांखाली तानपुरा अखंड चालू आहे. आईने त्या सर्व ऐकल्या. दरबारी मात्र त्यांत नाही. त्या बैठकीला आलेल्या कोणाच्या घरी तिची दुसरी प्रत असेल, या आशेने मी अजून विचारीत असतो. आपल्या घरातील खोका या सुट्टीत अवश्य उघडून पाहावा, ही सर्व वाचकांना नम्र विनंती.