जाळलेल्या तबकड्या

अमेरिकेत नाचाच्या एका संगीताला ‘हाऊस’ म्हणतात. हाऊस म्हणजे घर. पण हे नाव घरावरून आले नाही. शिकागो शहरात ‘वेअरहाऊस’, म्हणजे गुदाम, नावाचा क्लब होता. तिथं १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या लावीत. नाचणारे बहुतेक काळ्या वर्णाचे, पुष्कळसे समलिंगी. बाहेर त्यांना मान नव्हता. इथं कुणी हटकत नसे.

तेव्हा डिस्को गाण्यांचे दिवस होते. ती न आवडणारेही खूप. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एक तमाशाच झाला. डिस्कोची तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये आत या! ढीग जमला, तो स्फोटकांनी उडवला. लोक मैदानात घुसले. दुसरा सामना झालाच नाही. व्हिन्स लॉरेन्स हा काळा पोरगा तिथं लोकांना जागा दाखवायच्या कामावर होता. त्यानं पाहिलं, कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या नुसत्या काळ्या गायकांच्या होत्या. राग कशाचा होता, ते तुम्हीच ओळखा.

पुढे नवी डिस्को गाणी कमी झाली. मग नाचायचं कशावर? फ्रँकींनी जुनीच गाणी घेतली. नाचाचा भाग लांबवला, खाली यंत्राचा ठोका दिला. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक मात्रेवर ढोल. मिनिटाला सुमारे १२० ठोके. चढण चढताना छाती धडधडते ना, तसेच. यंत्रे जपानी. वादकांचा ताफा नको; पोरे घरी बसून गाणी करू लागली. १९८४ साली जेसी साँडर्सची ‘ऑन अँड ऑन’ निघाली. हाऊसची पहिली तबकडी म्हणून पुष्कळजण तिचे नाव घेतात. ती करण्यात त्याच लॉरेन्सचा हात होता.

आपल्या बाया जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात. हाऊसवाले तसेच करतात. १९९८ साली फ्रान्सच्या स्टारडस्ट मंडळींनी १९८१ च्या गाण्यातला गिटारचा एक तुकडा फिरवून फिरवून नवे गाणे केले. २०२२ साली बियॉन्से या गायिकेनेही जुन्या क्लबांतले आवाज घेऊन गाण्यांचा संग्रह काढला.

मुंबईचेही एक नाव सांगतो. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवीत. १९८२ साली त्यांनी तसल्याच जपानी यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात, दहा राग वाजवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी लोक चकित झाले. हे तर हाऊससारखंच! मग सत्तरीतले चरणजित युरोपात जाऊन तेच राग वाजवू लागले. ते २०१५ साली वारले.

शिकागोची ती गुदामाची इमारत अजून उभी आहे. २०२३ साली शहराने ती जपण्याजोगी वास्तू ठरवली.