अडलेला ट्रस रॉड आणि कोकणातला पावसाळा

स्टीलच्या तारा सुरात लावल्या की अकुस्टिक गिटारच्या मानेवर साधारण ७० किलोंची ओढ येते. त्या ओढीने मान पुढे झुकू नये म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई बसवलेली असते, तीच ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली अशा रॉडच्या पेटंटसाठी अर्ज केला. टोकाचा नट घड्याळाच्या दिशेने आवळला की मानेचा बाक कमी होतो, सैल केला की तारा तो वाढवतात.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात पावसाळ्यात ती ८०च्या वर राहते, शिवाय हवा खारी. लाकूड फुगते, नट गंजतो. पेटीची वरची पातळ फळी फुगून ब्रिज उचलते, तारा उंच होतात आणि दोष मानेचा समजून नट आवळला जातो. निष्कारण आवळलेला रॉड असाच संपतो. म्हणून आधी मोजावे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून मान पेटीला मिळते तिथला फ्रेट दाबावा. सातव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली, तर रॉडला हात लावायचे कारण नाही.

नट अडला तर पहिला प्रयत्न सैल करण्याचा, तोही तारा उतरवून. दोन्ही दिशांना हलत नसेल तर बहुधा गंज. गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सुईने फक्त आट्यांवर सोडून रात्रभर थांबावे. लाकडात मुरलेले तेल डाग पाडते. तरीही न सुटल्यास तेल नीट पुसून नटाला सोल्डरिंग आयर्नची ऊब द्यावी. चावी नेमक्या मापाची हवी. ढिली चावी नटाचे कोपरे मारते आणि मग साधे काम अवघड होऊन बसते.

नट सहज सैल होतो, पण आवळताना ठरावीक जागी थटतो, याचा अर्थ आटे संपले. एकाच दिशेने काम करणाऱ्या रॉडचा नट बाहेर निघतो. त्याखाली एक-दोन वॉशर घातले की पुढचे आटे पुन्हा हाती येतात. दुहेरी रॉडचा नट सहसा जोडलेलाच असतो, तो काढू नये. मान फार झुकली असेल तर कसबी कारागीर नटावर जोर देतच नाही. तो शिकंज्याने मान हलकेच मागे वाकवतो आणि मग नट पाव फेरा फिरवतो. वाकवण्याचे काम शिकंज्याचे, रॉडने फक्त ती जागा धरून ठेवायची. रॉड तुटण्याची भीती यात सर्वांत कमी.

नट नुसताच फिरतो आणि मान ढिम्म हलत नाही, तेव्हा रॉड तुटलेला किंवा आटे मेलेले असतात. तुटलेला रॉड बदलायचा तर फ्रेटबोर्ड उष्णतेने सोडवावा लागतो. हे घरचे काम नव्हे. मांडव्याहून रो-रो बोटीने गिटार मुंबईच्या कारागिराकडे न्यावी. गिटार स्वस्तातली असेल तर खर्च तिच्या किमतीला भिडतो. तेव्हा बारीक गेजच्या तारा चढवून अर्धा स्वर खाली लावल्यास ओढ घटते आणि वाद्य वाजते राहते.