सुधारसेवा प्रशिक्षण, भारतातील

गुन्हेगारास केवळ बंदिस्त न ठेवता त्याचे समाजात पुनर्वसन व्हावे, या हेतूने तुरुंग अधिकारी, रक्षक, परिवीक्षा अधिकारी व समाजकार्यकर्ते यांना दिले जाणारे शिक्षण आणि तज्ज्ञसाहाय्य यांस सुधारसेवा प्रशिक्षण म्हणतात.

१८९४ च्या कारागृह अधिनियमाचा भर सुरक्षा व शिस्त यांवर होता. त्यामुळे कर्मचाऱ्यांकडून पहाऱ्यापलीकडे फारशी अपेक्षा केली जात नसे. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे कारागृहाचे एक उद्दिष्ट मानले. लखनौ येथे १९४० मध्ये तुरुंग कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय निघाले. स्वातंत्र्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या तांत्रिक साहाय्य योजनेखाली अमेरिकन गुन्हाशास्त्रज्ञ वॉल्टर रेकलेस १९५१-५२ मध्ये भारतात आले. त्यांनी येथील तुरुंगव्यवस्थेची पाहणी केली आणि प्रशिक्षित कर्मचारिवर्गाची निकड दाखवून दिली. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी वर्ग भरविण्यात आले. पुढे येरवडा (पुणे) येथे १९५५ मध्ये तुरुंग अधिकाऱ्यांचे विद्यालय आणि दक्षिणेकडील राज्यांसाठी वेल्लोर येथे १९७९ मध्ये प्रबोधिनी स्थापन झाली.

प्रशिक्षणात कायदा, कारागृह नियमावली, कवायत, शस्त्रवापर व प्रथमोपचार यांबरोबरच गुन्हाशास्त्र, मानसशास्त्र व मानवी हक्क या विषयांचा समावेश होतो. रुजू होण्यापूर्वीचे शिक्षण आणि सेवांतर्गत उजळणी, असे त्याचे दोन टप्पे असतात. या दोहोंची तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत आहे व २०१५ मध्ये सुधारलेल्या नियमांतही ती कायम आहे.

प्रशिक्षणाचे महत्त्व परिवीक्षेच्या कामात विशेष स्पष्ट होते. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, एकवीस वर्षांखालील अपराध्यास परिवीक्षेवर सोडावे की नाही, हे ठरविताना न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविणे आवश्यक आहे (आजन्म कारावासास पात्र गुन्हे वगळून). आरोपीचे घर, शिक्षण, उपजीविका व संगत यांची चौकशी कुशलतेने झाली, तर पहिल्याच चुकीपायी होणारा तुरुंगवास टळू शकतो. ती वरवर झाली, तर न्यायाधीशापुढे गुन्ह्याची नोंद येते, माणूस येत नाही.

समाजाच्या सहभागाचे प्रयत्न मुंबईत झाले. १९८४ मध्ये वरील संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला आणि १९९० मध्ये कैद्यांसाठी ‘प्रयास’ हा उपक्रम हाती घेतला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ते शासकीय यंत्रणेतच बसून काम करतात, हे या उपक्रमांचे वैशिष्ट्य होय.

भारतातील कैद्यांपैकी २०२२ अखेर सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन होते. त्यांचा अपराध सिद्ध झालेला नसल्याने त्यांना ‘सुधारणे’ हा प्रश्नच उद्भवत नाही; त्यांची गरज जामीन, वकील आणि कुटुंबाशी संपर्क यांची असते. शिक्षा झालेल्या कैद्यास केंद्रस्थानी ठेवून आखलेल्या प्रशिक्षणात या साहाय्यास पुरेसे स्थान देणे अगत्याचे आहे. कैद्याशी सर्वाधिक संबंध रक्षकाचा येत असल्याने हे शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचल्याखेरीज नियमावलीतील सुधारणा कोठडीपर्यंत पोहोचणार नाहीत.